दहा दिवसांचं बिल काढताना पोस्टग्रेस १६ क्रॅश होतंय (सिग्नल ११), बग रिपोर्ट कुठे आणि कसा करायचा?

माळावरचा (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे आणि तीन रात्री नीट झोप झालेली नाही, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमची चार जणांची टीम आहे, दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) अशा एंट्री पडतात, ते सगळं एका सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये येतं आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. इतकी वर्षं पोस्टग्रेस १२ वर होतो, कधी तक्रार नाही. १२ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला, आम्ही उशीरच केला, पण गेल्या महिन्यात डंप घेऊन नव्या मशीनवर १६ मध्ये रिस्टोअर केला. डेबियन १२, पोस्टग्रेस त्यांच्याच अ‍ॅप्ट रिपॉझिटरीतून घेतलेलं, रॅम ३२ जीबी.

पहिली दोन बिलं नीट निघाली. तिसऱ्या वेळी संध्याकाळी सहाच्या सुमारास बिल चालवलं आणि सगळ्या केंद्रांचे फोन सुरू झाले, स्क्रीन अडकला म्हणून. लोक कॅन घेऊन रांगेत उभे, काट्यावर दूध, आणि एंट्री जात नाही. अ‍ॅपच्या लॉगमध्ये "सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्सपेक्टेडली" आणि पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये हे (मोबाइलवरून मराठीत टाइप करतोय, शब्द तेच आहेत):

सर्व्हर प्रोसेस (पीआयडी २१४३७) वॉज टर्मिनेटेड बाय सिग्नल ११: सेगमेंटेशन फॉल्ट
टर्मिनेटिंग एनी अदर अ‍ॅक्टिव्ह सर्व्हर प्रोसेसेस
ऑल सर्व्हर प्रोसेसेस टर्मिनेटेड; रीइनिशिअलायझिंग

अर्ध्या मिनिटात आपोआप परत सुरू झालं. पुन्हा बिल चालवलं, पुन्हा पडलं. मग रात्री एकेका संस्थेचं वेगळं चालवून बघितलं तर एकाच संस्थेच्या बिलाला पडतंय, बाकीच्यांची निघतात. त्या संस्थेचे साडेतीनशे उत्पादक पैशाची वाट बघतायत, सचिव दिवसातून चार वेळा फोन करतायत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

१२ वर काही होत नव्हतं, १६ वर होतंय, म्हणजे हा १६ चाच बग आहे असं मला वाटतं. गिटहबवर रिपोर्ट करायला गेलो तर तिथे इश्यूचा टॅबच नाही. मग रिपोर्ट कुठे करतात? इंग्रजी माझं जेमतेम आहे, ते लोक आपलं ऐकून घेतात का? आणि इतक्या वेळा क्रॅश झाल्यावर डेटा धड राहिला असेल का, ही मोठी धास्ती आहे.

ठाणे_लोकल (सोमवार, रात्री ११:५८)

रॅम संपत असेल. आमच्याकडे सेम व्हायचं, मोठा रिपोर्ट लावला की लिनक्स पोस्टग्रेसची प्रोसेस मारून टाकायचं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) आउट ऑफ मेमरी दिसतंय का बघा. वर्क_मेम कमी करा आणि व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी २ करून ठेवा.

माळावरचा (मंगळवार, रात्री १२:०५)

बघितलं दादा, डीमेसेजमध्ये तसं काही नाही. फक्त सेगफॉल्टची ओळ आहे. रॅम निम्मी मोकळी होती.

पाटी_पेन्सिल (मंगळवार, सकाळी ७:१५)

ठाणे_लोकल म्हणतायत तो प्रकार झाला असता तर लॉगमध्ये सिग्नल ९ आला असता. कर्नलने मारलं की ९. डिस्कवर लिहिणं बिघडलं वगैरे कारणाने पोस्टग्रेसने स्वतःहून पॅनिक घेतला तर ६. ११ म्हणजे प्रोसेसने आपली नसलेली मेमरी वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न केला. लॉगमधला हा एक आकडा बघितला की निम्म्या शंका गळून पडतात, त्यामुळे तो तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये दिलात ते फार चांगलं केलंत.

आधी डेटाचं, कारण जीव तिथे अडकलाय. घाबरू नका. तुमचा सर्व्हर "क्रॅश" झाला असं आपण म्हणतो पण खरं तर एकच बॅकएंड पडला, बिल काढणारा. प्रत्येक कनेक्शनला पोस्टग्रेस वेगळी प्रोसेस देतं पण शेअर्ड मेमरी सगळ्यांची एक. एक प्रोसेस अशी वेडीवाकडी मेली की तिने मरताना त्या सामायिक मेमरीत काय खरडून ठेवलंय याचा भरवसा नसतो, म्हणून मुख्य पोस्टमास्टर उरलेल्या सगळ्यांना बाहेर काढतो, मेमरी नव्याने मांडतो आणि वॉलमधून (प्रत्येक बदल आधी जिथे लिहितात तो लॉग) रिकव्हरी करून मग दार उघडतो. केंद्रांचे स्क्रीन अडकले ते यामुळे. कमिट झालेली एंट्री वॉलमध्ये आहे, ती कुठे जात नाही (एफसिंक, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर पक्कं पोचवणं, बंद केलेलं नसेल तर. केलं असेल तर आज, आत्ता चालू करा). अर्धवट राहिलेल्या एंट्री मात्र अ‍ॅपने परत पाठवायला हव्यात, ते तुमच्या बाजूला तपासा. मनाच्या समाधानासाठी रात्री पीजी_अ‍ॅमचेक चालवा, टेबलं, इंडेक्स बिघडलेत का ते बघतं, १४ पासून सोबत येतं.

आणि एक हात जोडून विनंती. नेटवर शोधलंत तर कुणीतरी पीजी_रीसेटवॉल चालवा म्हणून सांगेल, किंवा पीजी_वॉल फोल्डर रिकामं करा म्हणेल. अजिबात करू नका. चालू होत असलेला डेटाबेस त्या एका कमांडने कायमचा बिघडलेला मी पाहिलाय, आणि बॅकअप नव्हता.

आता रिपोर्टचं. पोस्टग्रेसला इश्यू ट्रॅकर नाही. पीजीएसक्यूएल-बग्स नावाची मेलिंग लिस्ट आहे. त्यांच्या साइटवर खातं उघडून बगचा फॉर्म भरला की नंबर मिळतो आणि तो मजकूर त्या लिस्टवर जातो, किंवा थेट मेल केला तरी चालतं. (सिक्युरिटीची भानगड वाटत असेल तर मात्र लिस्टवर उघड टाकायचं नाही, त्याला वेगळा पत्ता आहे.) ऐकून घेतात का विचारलंत, तर हो, घेतात. दुरुस्ती झाली की कमिटच्या मेसेजमध्ये "रिपोर्टेड-बाय" म्हणून तुमचं नाव आणि बगचा नंबर लिहितात, आणि मोठ्या व्हर्जनच्या रिलीज नोट्सच्या शेवटी जी नावांची यादी असते त्यात बग कळवणारेही असतात. इंग्रजीची काळजी करू नका, तिथे जगभरातले लोक मोडक्या इंग्रजीत लिहितात. त्यांना भाषा नको असते, अशी एक एसक्यूएल फाइल हवी असते जी रिकाम्या डेटाबेसमध्ये चालवली की त्यांच्याही मशीनवर पडेल.

डॉक्युमेंटेशनमध्ये बग कसा कळवावा यावर एक अख्खा विभाग आहे तो लिहिण्याआधी वाचा. त्यात स्पष्ट म्हटलंय की फक्त घडलं ते सांगा, काय बिघडलं असेल याचा अंदाज सांगत बसू नका. आणि हेही की एक बॅकएंड पडला असेल तर "सर्व्हर पडला" असं लिहू नका, दोन्हीत फार फरक आहे.

पाठवायच्या आधी चार गोष्टी करा. सिलेक्ट व्हर्जन() चं पूर्ण आउटपुट घ्या. १६ ची सगळ्यात नवीन मायनर टाका, त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरला येतात आणि डंप-रिस्टोअर काही लागत नाही, फक्त रीस्टार्ट. नाहीतर आधीच दुरुस्त झालेला बग परत कळवाल आणि पहिलं उत्तर तेच येईल. कुठली एक्स्टेंशन आहेत ती सांगा, आणि शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये काय आहे तेही. शेवटचं म्हणजे बॅकट्रेस, पडताना कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं होतं त्याची यादी. सिस्टमडी-कोअरडंप पॅकेज टाका, सर्व्हिसच्या फाइलला लिमिटकोअर=इन्फिनिटी जोडा, सोबत पोस्टग्रेसक्यूएल-१६-डीबीजीसिम हे सिम्बॉलचं पॅकेज टाका, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. मग क्रॅश पाडा आणि कोअरडंपसीटीएल जीडीबी (जीडीबी म्हणजे डीबगर), आत गेल्यावर बीटी फुल.

कोअर फाइल मात्र कुणालाही देऊ नका, इथेही टाकू नका. तिच्यात त्या क्षणाची मेमरी जशीच्या तशी असते, म्हणजे शेतकऱ्यांची नावं, बँक खाती, सगळं.

गोदाकाठ_९ (मंगळवार, सकाळी ९:३०)

जेआयटी (क्वेरीचा ऐनवेळी मशीन कोड बनवणं) बंद करून बघितलं का? १२ पासून डीफॉल्ट चालूच असतं, आणि क्वेरीची कॉस्ट एक लाखाच्या वर गेली की त्यासाठीचा कंपायलर एलएलव्हीएम मध्ये येतो. एका संस्थेला पडतं आणि बाकीच्यांना नाही हे त्यामुळेही होऊ शकतं, त्या संस्थेचा डेटा मोठा असेल तर. ऑल्टर सिस्टमने जेआयटी ऑफ करा, रीलोड करा, दोन मिनिटांचं काम आहे.

माळावरचा (मंगळवार, रात्री १०:५०)

ताई, दादा, खूप आभार, सकाळपासून सांगितलं तसं करतोय.

१६.४ होतं, नवीन मायनर टाकली, पडतंय. जेआयटी ऑफ केलं, तरी पडतंय (पण सगळ्यात मोठी संस्था ही नव्हेच, हिच्या तिप्पट उत्पादक असलेलीचं बिल निघतंय). पीजी_अ‍ॅमचेक रात्री चालवला, काही निघालं नाही, तेवढा जीव भांड्यात पडला. एक्स्टेंशन म्हणाल तर त्यांची यादी काढणारं बॅकस्लॅश डीएक्स केलं, पीएलपीजीएसक्यूएल आणि पीजीक्रिप्टो, बास. प्रीलोडमध्ये काही नाही.

आता हा सगळा खटाटोप बॅकअपवरून उभ्या केलेल्या दुसऱ्या मशीनवर करतोय, चालू सर्व्हरला हात लावत नाही. तिथेही त्याच संस्थेला पडतं.

बॅकट्रेस मिळाला. सगळ्यात वर जनरेशनफ्री आहे, आणि खाली एक्झेकइंटर्प एक्सप्र, एक्झेकअ‍ॅग, असं करत करत स्टँडर्ड_एक्झेक्युटररन आणि पोस्टग्रेसमेन. ही सगळी पोस्टग्रेसचीच फंक्शन्स ना? आमचं त्यात काहीच नाही. म्हणजे बग त्यांचा हे पक्कं झालं असं धरून मी रिपोर्ट लिहिलाय, मराठीत सांगायचं तर असा: "१६ वर आल्यापासून तुमचा सर्व्हर खूप अस्थिर झाला आहे. बिलाची क्वेरी चालवली की मेमरी मॅनेजमेंटमधल्या बगमुळे सर्व्हर क्रॅश होतो. १२ वर हा बग नव्हता. क्वेरी सोबत जोडली आहे (४०० ओळी). बॅकट्रेस जोडला आहे. कृपया लवकर दुरुस्त करा, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आहेत." पाठवू का?

पाटी_पेन्सिल (मंगळवार, रात्री ११:२५)

थांबा, अजून पाठवू नका.

बॅकट्रेस छान काढलाय. पण त्यावरून बग त्यांचा असं ठरत नाही. मेमरी मोकळी करणारं फंक्शन पडतं तेव्हा बहुतेक वेळा चूक त्याची नसते, आधीच कुणीतरी हद्द ओलांडून शेजारच्या तुकड्यावर लिहून गेलेलं असतं आणि हा बिचारा नंतर तिथे जाऊन अडखळतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची नसेल तर मागे जायला पाहिजे.

एक गोष्ट मला खटकतेय. जनरेशन नावाचा मेमरीचा प्रकार पोस्टग्रेस ठराविक ठिकाणीच वापरतं, आणि तुमच्या बॅकट्रेसमधल्या या जागी तो असायचं मला काही कारण दिसत नाही. १६ मध्ये प्रत्येक तुकड्याच्या आधी ८ बाइटचं हेडर असतं (आधी ते १६ बाइटचं होतं) आणि त्याचे शेवटचे तीन बिट सांगतात की तुकडा कोणत्या प्रकारचा. मेमरी मोकळी करताना बोलावलं जाणारं पीफ्री ते बिट वाचून त्या त्या प्रकाराच्या फंक्शनला काम देतं. म्हणजे हेडरच बिघडलं असणार आणि योगायोगाने त्यात जनरेशनचा आकडा आला. तेव्हा आता ते हेडर उघडून बघू. जीडीबीमध्ये फ्रेम शून्यवर जा, पीफ्रीला दिलेला पॉइंटर घ्या, आणि त्याच्या १६ बाइट आधीपासून १७ बाइट हेक्समध्ये छापा.

दुसरं, डीएक्सवर विसंबू नका. क्रिएट एक्स्टेंशनने आलेलंच त्यात दिसतं. कुणी नुसतं क्रिएट फंक्शन करून लँग्वेज सी लिहिलं असेल तर ते डीएक्समध्ये येतच नाही. पीजी_प्रॉक (सगळ्या फंक्शन्सची यादी) घ्या, पीजी_लँग्वेजला जोडा, लँग्वेज सी असलेली सगळी फंक्शन्स काढा आणि प्रॉबिन कॉलममध्ये कुठल्या लायब्ररीची नावं येतायत ते सांगा.

रिपोर्टचा मजकूर नंतर नीट करू. पण "खूप अस्थिर", "मेमरी मॅनेजमेंटमधला बग", "१२ वर नव्हता" ही तिन्ही वाक्यं काढावी लागतील, कारण त्यातलं एकही तुम्ही पाहिलेलं नाही, ताडलेलं आहे. १२ वर याच संस्थेचं, याच दहा दिवसांचं बिल तुम्ही चालवून बघितलंय का? नाही ना? आणि ४०० ओळींची क्वेरी तुमच्या टेबलांशिवाय त्यांच्याकडे चालणारच नाही.

माळावरचा (बुधवार, सकाळी ६:१०)

बाइट असे आले:

ई० ए४ बी५ २० ई० ए४ एबी ई० | ए४ ९५ ई० ए५ ८डी ई० ए४ ए४ | ००

(मधल्या उभ्या रेषा मी टाकल्यात, दुसरा गट म्हणजे हेडर असावं.)

आणि ताई, सी ची यादी काढली. पीजीक्रिप्टोची सोडून एक आहे. अक्षरी_रक्कम नावाचं. मला आठवलंच नाही! आमच्या आधीच्या एका सहकाऱ्याने लिहिलेलं, जुन्या बिलिंग प्रोग्रॅममधला सी कोड होता तोच उचलून पोस्टग्रेसमध्ये बसवलेला. बिलाच्या तळाला "अक्षरी रुपये अमुक फक्त" छापतात ना, तेवढ्यासाठी. १६ वर येताना मीच ते परत कंपाइल केलं होतं, बिल्ड झालं म्हणून पुढे गेलो. आता अंगावर काटा आलाय.

खान्देशी_लिनक्स (बुधवार, सकाळी ८:४०)

अहो, बाइट बघितल्या बघितल्या कळलं! ई० ए४ आणि ई० ए५ नी सुरू होणारे तिघं तिघं बाइट म्हणजे यूटीएफ-८ मधली देवनागरी. मी पाच वर्षं मराठी फॉन्ट कन्व्हर्टरवर घासली, हे झोपेत पण वाचता येतं.

वाचून दाखवतो. ई० ए४ बी५ म्हणजे व. २० म्हणजे स्पेस. ई० ए४ एबी फ. ई० ए४ ९५ क. ई० ए५ ८डी म्हणजे हलन्त. ई० ए४ ए४ म्हणजे त. आणि ०० म्हणजे स्ट्रिंग संपली. जोडून वाचा: "व फक्त". कुठली तरी "...व फक्त" अशी संपणारी रक्कम त्या हेडरवरून गेलीय. हेडरच्या आठ बाइटमध्ये "क्त" बसलाय, "क" चा पहिला बाइट तेवढा अलीकडे राहिलाय.

आणि ताईंनी म्हटलं ते तीन बिट पण जुळतात. हेडरचा पहिला बाइट ए४, त्याचे शेवटचे तीन बिट म्हणजे ४, आणि १६ मध्ये ४ नंबर जनरेशनचाच.

त्या संस्थेत अशी कुणाची रक्कम आहे का जी मोठी आहे आणि शेवटी अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, त्र्याण्णव असं काही येतं? आणि फंक्शनमध्ये बफर केवढा घेतलाय?

माळावरचा (बुधवार, सकाळी ९:०५)

पीअ‍ॅलॉक(१२८), म्हणजे १२८ बाइट.

आणि आहे. गेल्याच महिन्यात नवीन सभासद झालेत, मोठा गोठा आहे, दिवसाला चारशे लिटरच्या आसपास दूध घालतात. दहा दिवसांचं बिल १,४७,८९८.

खान्देशी_लिनक्स (बुधवार, सकाळी ९:२०)

मग मोजू. "रुपये एक लाख सत्तेचाळीस हजार आठशे अठ्ठ्याण्णव फक्त". काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे धरायचे, कारण युनिकोडमध्ये ते वेगळेच असतात. रुपये ५, एक २, लाख ३, सत्तेचाळीस १०, हजार ४, आठशे ४, अठ्ठ्याण्णव ११ (हा शब्दच केवढा बघा), फक्त ४. झाले ४३. प्रत्येकी ३ बाइट म्हणजे १२९. मधल्या ७ स्पेस, १३६. शेवटचा शून्य बाइट, १३७. जागा १२८. नऊ बाइट बाहेर, त्यातले आठ हेडरवर आणि नववा ते शून्य.

तेच जर एक लाखाच्या आतलं ४७,८९८ असतं तर १२० मध्ये बसलं असतं. म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनी बहुतेक इंग्रजी अक्षरं डोक्यात धरून १२८ घेतले असणार, इंग्रजीत खरंच पुरतात.

पाटी_पेन्सिल (बुधवार, सकाळी १०:००)

वा, काय नेमकं वाचलंत! माझ्या नजरेतून ते ई० ए४ निसटलंच असतं.

माळावरचा, आता हे अंदाजावर सोडायचं नाही, सिद्ध करायचं. नुसतं सिलेक्ट अक्षरी_रक्कम(१४७८९८) केलंत तर बहुतेक पडणार नाही, गोंधळू नका. बफर ब्लॉकच्या टोकाला नव्या जागेत मिळाला तर त्याच्या पुढे रिकामं असतं, नऊ बाइट सांडले तरी कुणाचं काही बिघडत नाही, आणि उत्तरही बरोबर छापलं जातं. आधी वापरून मोकळ्या झालेल्या जागेत मिळाला आणि पुढच्या तुकड्यात कुणाचा तरी जिवंत डेटा असला की मग त्याचं हेडर जातं. तुमच्या मोठ्या क्वेरीत ते जमून येतंय. १२ वर याच रकमेला पडलं असतं की नाही हे नशिबावर, पण चूक तेव्हाही तीच होती.

लॅपटॉपवर पोस्टग्रेस १६ सोर्समधून बांधा, कॉन्फिगरला एनेबल-कॅसर्ट आणि एनेबल-डीबग देऊन. त्यावर तुमचं फंक्शन परत कंपाइल करा. तशा बिल्डमध्ये प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक पहारेकरी बाइट ठेवतात आणि मेमरी रीसेट करताना तो शाबूत आहे का बघतात. चालू सर्व्हरवर असं बिल्ड टाकू नका, हळू चालतं.

माळावरचा (बुधवार, दुपारी ३:४५)

केलं. क्रॅश झालं नाही पण साध्या एका सिलेक्टला वॉर्निंग आली, "प्रॉब्लेम इन अलॉक सेट एक्सप्रकॉन्टेक्स्ट: डिटेक्टेड राइट पास्ट चंक एंड". ४७,८९८ दिलं तर काही नाही. १,४७,८९८ दिलं की प्रत्येक वेळी. चारशे ओळींच्या क्वेरीचं एका ओळीत आलं.

आणि रिपोर्ट पाठवला नाही ते किती बरं झालं. तिथल्या माणसांचा वेळ गेला असता आणि शोधून शोधून चूक आमच्याकडेच निघाली असती.

आता दुरुस्तीचं विचारतो. १२८ चे ५१२ करून आज रात्री बिल काढू का?

पाटी_पेन्सिल (बुधवार, दुपारी ४:१०)

आज रात्रीपुरतं करा, शेतकऱ्यांचे पैसे आधी. ५१२ ला रुपयांपुरती भरपूर जागा आहे. पण तिथेच थांबू नका. सी मध्येच ठेवायचं असेल तर स्ट्रिंगइन्फो वापरा, इनिटस्ट्रिंगइन्फो करून अ‍ॅपेंडस्ट्रिंगइन्फोस्ट्रिंगने जोडत जायचं, बफर लागेल तसा तोच वाढवतो, आकडा तुम्हाला ठरवावा लागत नाही.

मला विचाराल तर सी मध्ये ठेवूच नका. शंभर शब्दांचं एक टेबल किंवा अ‍ॅरे आणि थोडा भागाकार, हे पीएलपीजीएसक्यूएलमध्ये आरामात होतं. त्यात चूक झाली तर ती क्वेरी एरर देईल आणि तेवढ्यावर भागेल. सी मधली चूक बॅकएंड पाडते आणि त्याच्यासोबत सगळ्या केंद्रांचे काटे थांबतात. दहा दिवसांतून एकदा चालणाऱ्या फंक्शनसाठी ती जोखीम कशाला.

आणि ते फंक्शन स्ट्रिक्ट म्हणून जाहीर केलंय का बघा. नसेल आणि आत नल (रिकामी किंमत) तपासत नसेल, तर ज्या दिवशी रक्कम नल येईल त्या दिवशी पुन्हा सिग्नल ११ येऊ शकतो. स्ट्रिक्ट केलंत की नल दिल्यावर नल मिळेल, मग बिलाची जी ओळ तुम्ही जोडून बनवता ती पूर्ण ओळच नल होते, तिथे कोअलेस (नलऐवजी दुसरी किंमत देणारं) लागेल.

माळावरचा (गुरुवार, सकाळी ७:३०)

स्ट्रिक्ट नव्हतं. दोन्ही केलं.

रात्री दीडला बिलं निघाली, साडेतीनशेच्या साडेतीनशे. सकाळी सचिवांना फोन केला तर आधी त्यांना खरंच वाटेना, आज बँकेत यादी जातेय.

पीएलपीजीएसक्यूएलचं पण लिहिलं. जुनं (५१२ वालं) आणि नवं दोन्ही जनरेट_सीरीजने १ पासून ९,९९,९९९ पर्यंत समोरासमोर चालवून बघितली, तर जुन्यात एकोणऐंशीचं स्पेलिंग वेगळं निघालं, बाकी सगळं जुळलं. ऑक्टेट_लेंग्थ (बाइटमधली लांबी) १२७ च्या वर जाणाऱ्या रकमा पण काढल्या, आणि जुन्या बिलांच्या टेबलाला लावून बघितलं तर गेल्या दिवाळीत बोनस धरून दोन बिलं तशी होती. तेव्हा १२ वर काही पडलं नव्हतं. म्हणजे तेव्हाही सांडलंच होतं, मोकळ्या जागेत.

त्या सहकाऱ्यांना पण फोन केला. आता ते दुसरीकडे असतात. त्यांना वाईट वाटलं, पण सांगितलं ते बरं झालं, कारण त्यांच्याकडून कळलं की हेच फंक्शन आणखी दोन जिल्ह्यांतल्या सर्व्हरवर आहे, आमच्या यादीत ते नव्हतंच. ते दोन्ही अजून १३ वर आहेत. आज संध्याकाळचं संकलन संपलं की बसतो.

गोदाकाठ_९ (गुरुवार, सकाळी ९:००)

मी पण आमच्या सर्व्हरवर ताईंची ती पीजी_प्रॉकची क्वेरी लावली. तीन फंक्शन्स निघाली जी कुणी टाकली ते ऑफिसात कुणालाच माहीत नाही.

पाटी_पेन्सिल (गुरुवार, सकाळी ९:४०)

गोदाकाठ, त्यांचे सोर्स शोधा आधी, सापडले नाहीत तर वेगळा धागा काढा.

माळावरचा, दोन्ही मशीनवरच्या कोअर फाइल्स राहिल्या असतील, /वार/लिब/सिस्टमडी/कोअरडंप मध्ये. त्यात त्या संस्थेच्या लोकांची खाती आहेत, काढून टाका. आणि लिमिटकोअरचं काय ठरवताय ते बघा.

माळावरचा (गुरुवार, सकाळी १०:१५)

काढल्या ताई. अकरा होत्या. लिमिटकोअर चालू सर्व्हरवर परत शून्य केलं, चाचणीच्या मशीनवर तसंच ठेवलंय, डीबीजीसिम दोन्हीकडे राहू दिलं.